कार्ड गाडीचं नसते

मेश्रामकाका इमारत बघत नाहीत, इमारतीचं पार्किंग बघतात. ताजमहाल बघून आलेल्या माणसाने दोन शब्द तरी हळवे बोलावेत की नाही? काका म्हणाले, "संगमरवर चांगलाच आहे. पण गाडी किती लांब लावा लागते! म्हाताऱ्या माणसानं बघावं कसं?" आमच्या ओळखीतल्या एका लग्नाहून परत येताना सगळ्या बायका नवरीच्या शालूबद्दल बोलत होत्या आणि काका मागच्या सीटवरून म्हणाले, "आत जायचा रस्ता वेगळा अन् बाहेर यायचा वेगळा ठेवला. समजदार लोकं आहे. टिकन हे लग्न."

ते नागपूरचे, ट्रॅफिक इंजिनियर. ऑकलंडमधल्या एका कंपनीत दुकानांची, दवाखान्यांची, शाळांची पार्किंगं आखायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. "काय करता?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "रेघा मारतो." आणि त्या रेघांमध्ये त्यांचा जीव कुठे होता म्हणाल, तर दारापाशी असलेल्या, व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या पिवळ्या जागांमध्ये. ज्यांना चालणं कठीण आहे त्यांच्यासाठी राखलेल्या. तिथे गाडी लावायची तर काचेमागे मोबिलिटी कार्ड दिसायला हवं. कार्ड नसताना तिथे गाडी दिसली की काकांच्या चेहऱ्यावर, घरात चपला घालून कुणी आलं की आपल्या आयांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते यायचं.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती अर्थातच मी तिथे गाडी लावली म्हणून.

दोन हजार चौदा साल असेल. ऑकलंडच्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या मॉलमध्ये लेकीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला गेलो होतो. पाऊस आडवा येत होता, पार्किंग तुडुंब भरलेलं आणि अगदी दारासमोर एक जागा मोकळी. मी गाडी घातली आणि बायकोला फोन लावला, "अश्विनी, नशीब बघ! दारात पार्किंग मिळालं!"

"नशीब नाही ते," मागून आवाज आला. "ते मी काढलं."

वळून बघतो तो पिवळा रेनकोट घातलेला, मिशीतून पाणी गळणारा एक उंच गृहस्थ.

"कार्ड कुठंय?"

"कसलं कार्ड?" मी म्हणालो. मग खाली रंगवलेली ती चाकाची खुर्ची दिसली. आता माणसाने अशा वेळी सरळ माफी मागून गाडी काढावी. पण मी पुण्याचा. मी लंगडायला लागलो.

त्यांनी शांतपणे मला चार पावलं लंगडू दिलं. मग विचारलं, "पाय कोणता?"

"डावा."

"मग उजव्यानं काऊन लंगडून राह्यला?"

मी गाडी काढली. पार दुसऱ्या टोकाला लावून भिजत परत आलो, तेव्हा गृहस्थ तिथेच उभे होते. मी केक घेऊन बाहेर आल्यावर त्याचं खोकं रेनकोटखाली धरून मला गाडीपर्यंत पोचवायला आले. वाटेत म्हणाले, "पोरीचा वाढदिवस आहे ना? मग खरं चालत जा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही माउंट वेलिंग्टनमध्ये घर घेतलं. एकाच लांब ड्राइव्हवेवर मागेपुढे चार घरं होती. सामान उतरवत होतो तर पुढच्या घरातून तेच मिशीवाले गृहस्थ बाहेर आले, आमच्या ट्रकच्या चाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "पुणेकर, ट्रक दीड फूट मागं घे. बाकी, या. स्वागत आहे."

माझं नाव त्यांना आजही ठाऊक असेल की नाही, शंका आहे. मी पुणेकर. माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. तिने त्यांचं नाव ठेवलं 'पार्किंग काका'.

काकांचं एक पालुपद होतं, "नियम काय म्हणून राह्यला?" जणू नियम शेजारच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेला कुणी वडीलधारा आहे आणि कानोसा घेतला तर त्याचं बोलणं ऐकू येईल. दुसरं वाक्य त्याहून आवडीचं, "कार्ड गाडीचं नसते, माणसाचं असते." म्हणजे ज्याच्या नावाचं कार्ड, तो माणूस गाडीत असायला हवा. एकदा मॉलमध्ये एका गोऱ्या पोराने आईचं कार्ड लटकवून गाडी लावली होती. काकांनी विचारलं, आई कुठे आहे? तो म्हणाला, घरी. काका म्हणाले, "मग घेऊन ये. मी जागा धरतो." आणि खरोखर त्या पिवळ्या जागेत हाताची घडी घालून उभे राहिले. पोरगा इतका गांगरला की जाऊन खरंच आईला घेऊन आला. म्हातारी लिपस्टिक लावून, पण घाईत घरातल्या सपाता घालूनच आली होती आणि भलतीच खूश होती. किती दिवसांनी बाहेर पडले म्हणाली. काकांनी तिला कॉफी पाजली. पोरगा बिचारा बाजूला पिशव्या धरून उभा.

ही गोष्ट काका कुणालाही सांगत आणि लोक हसत. पण लोकांच्या स्वतःच्या गाड्यांवर आलं की हसू जाई. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला हॉल भरलेला, पाहुण्यांचं भाषण रंगलेलं आणि काका सरळ माइकपाशी गेले. "एक मिनिट. चंदेरी टोयोटा, पिवळ्या जागेत. आत समतेवर भाषण होऊन राह्यलं अन् बाहेर ही अवस्था." टोयोटा समितीच्या अध्यक्षांची होती. पाहुणे त्याच गाडीतून आले होते.

आमच्या मंडळाच्या गणपतीला मीच त्यांना आग्रहाने नेलं. दर्शनाला नव्हे, जेवायला. मूर्ती उतरवायची म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी गाडी दारातल्या पिवळ्या जागेत लावलेली. काका म्हणाले, "त्यांना उचलून न्यावं लागते, म्हणजे चालता येत नाही, हे मी मानतो. पण त्यांचं कार्ड कुठंय?"

अशाने व्हायचं ते झालं. लोक बार्बेक्यू ठरवत आणि काकांना सांगायचं राहून जाई. एकदाच नव्हे, दर वेळी. कुणाच्या घरी जमायचं ठरलं की फोनवर आधी विचारणा, "मेश्राम येणारेत का? मग गाडी नीट लावतो." पुढेपुढे नीट लावण्यापेक्षा न बोलावणं सोपं पडू लागलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी प्रज्ञा हॅमिल्टनला दुधाच्या पावडरीच्या एका कंपनीत शास्त्रज्ञ. रविवारी दुपारी काका ड्राइव्हवे झाडत. आम्ही गाडी भरून कुठे निघालो की झाडू बाजूला घेऊन वाट करून देत आणि म्हणत, "मागं बघून काढ."

मग काकांना आतड्याचा कॅन्सर निघाला.

हे त्यांनी मला सांगितलं तेही ड्राइव्हवेवरच. "पुणेकर, मंगळवारी माझी गाडी हलणार नाही. बुधवारीही नाही. ऑपरेशन आहे." पुढे केमो सुरू झाली. प्रज्ञा केमोच्या दिवशी हॅमिल्टनहून येई, रात्र राहून परत जाई. केमोने काकांची मिशी विरळ झाली, पण खरा मार बसला तो पायांना. तळवे बधिर. "कापसावर चालून राह्यलो असं वाटते," म्हणाले. थोडं चालले की दम लागे. लेटरबॉक्सपर्यंत जाऊन त्याच्यावर हात ठेवून उभे राहत आणि कुणी बघितलंच तर लेटरबॉक्सचा नट घट्ट करतोय असं दाखवत.

प्रज्ञाने मला फोन केला. "दादा, बाबांना मोबिलिटी कार्ड मिळवून द्याल का? मी म्हटलं तर ते म्हणतात, मी चालतो की. हॉस्पिटलात पण गाडी लांब लावून चालत जातात हो. वाटेत बसतात."

मी म्हटलं, त्यात काय, आत्ता आणतो. माझी समजूत अशी की कॅन्सर हा शब्द एकदा उच्चारला की जगातली सगळी दारं उघडतात. कार्ड देणाऱ्या ऑफिसात गेलो, चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि काउंटरवरच्या बाईंना खालच्या आवाजात म्हणालो, "ही हॅज कॅन्सर."

बाई मनापासून हळहळल्या. मग विचारलं, "आणि ते चालतात कसे?"

"कॅन्सर आहे," मी पुन्हा म्हणालो, या वेळी थोडा मोठ्याने. पुण्यात याने काम होतं.

बाईंनी समजावलं. आजार कोणता, याला इथे महत्त्व नाही. कॅन्सर असलेली कितीतरी माणसं टेकड्या चढतात आणि नुसता गुडघा धरलेल्याला रस्ता ओलांडता येत नाही. दोनशे मीटर, कुणाच्या आधाराशिवाय, न थांबता चालता येतं का, हा प्रश्न. आणि तो त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून सही करायची. पुढे बरं वाटेल अशी आशा असेल तर तात्पुरतं कार्डही असतं.

घरी येऊन काकांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते खूश झाले. "बघ! नियम बरोबर आहे. रोगाचं कार्ड नाही, चालण्याचं कार्ड. कुणी हुशार माणसानं केला."

"मग जाऊ या ना डॉक्टरांकडे?"

"जाऊ. पण मिळणार नाही मला. मी चालतो."

आता इथे आपल्या लोकांची एक सवय सांगायला हवी. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपण इस्त्रीचे कपडे घालतो. आजारपण घरी जुन्या लुंगीत काढतो आणि डॉक्टरसमोर मात्र मुलगी बघायला आल्यासारखे नटून बसतो. काकांनी त्या दिवशी कोट घातला. बूट चमकवले. उरलेल्या मिशीला तेल लावलं. मी म्हटलं, "काका, जरा आजारी दिसा!"

"डॉक्टर बाईसमोर गबाळं जाऊ?"

दवाखान्यासमोर पिवळी जागा मोकळी होती. मी नुसती गाडी हळू केली, तर काका म्हणाले, "कार्ड आहे का?"

"ते घ्यायलाच तर आलोय!"

"मिळालं की लाव. आज तिकडं लाव, पार मागच्या बाजूला."

वाटेत तीनदा थांबावं लागणार, म्हणून मी वेळ हाताशी ठेवला होता. पण दवाखान्याचं दार दिसताच काकांची पाठ ताठ झाली. डॉक्टरांनी नाव पुकारलं, तर काका असे उठून चालत गेले की जणू एखादा पुरस्कार स्वीकारायला निघालेत.

"किया ओरा, मिस्टर मेश्राम!" डॉक्टरांनी इथला माओरी नमस्कार घातला. "कसं वाटतंय?"

"व्हेरी गुड, डॉक्टर. हीप्स बेटर," म्हणजे पुष्कळच बरं.

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पाय बधिर. काही उपयोग झाला नाही.

"दोनशे मीटर चालता येईल?"

"व्हाय नॉट!"

"न थांबता?"

"आय वॉज रनर इन कॉलेज."

मी खुर्चीत घसरत चाललो होतो. मध्ये पडून म्हणालो, डॉक्टर, हे खोटं बोलतायत. काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "लंगडायचं काम तुझं. मला येत नाही ते." डॉक्टरांनी पाय तपासले, भुवया वर केल्या, पण पेशंट स्वतःच नाही म्हणत असेल तर त्या तरी काय करणार? म्हणाल्या, विचार करा, पुढच्या वेळी बोलू.

बाहेर पडलो. मी इतका चिडलो होतो की तरातरा पुढे गेलो, गाडीपाशी पोचलो, दार उघडलं आणि मागे बघितलं तर काका नाहीत. निम्म्या वाटेवर, फुलझाडांच्या वाफ्याच्या कडेला, चमकवलेल्या बुटांवर कोपरं टेकतील इतके वाकून बसले होते. मी धावत परत जातोय तोवर दवाखान्याच्या दारातून डॉक्टर बाहेर आल्या. खिडकीतून दिसलं असणार. येऊन सरळ काकांशेजारी वाफ्यावर बसल्या.

मग डॉक्टर म्हणाल्या, "मिस्टर मेश्राम, तुम्ही पार्किंग डिझाइन करता ना? माझ्या दारापासून इथपर्यंत अंतर किती असेल?"

काकांनी मान वर केली. दाराकडे बघितलं, वाफ्याकडे बघितलं. माणूस प्रकृतीबद्दल खोटं बोलेल, कॉलेजात धावण्याबद्दल तर नक्कीच बोलेल. पण अंतराबद्दल? ज्याने सारा जन्म रेघा मारल्या, तो?

"सत्तर," काका म्हणाले. थोडं थांबून, "पंच्याहत्तर धरा. वळण आहे."

"दोनशे नाहीत?"

"नो, डॉक्टर. निम्मेही नाही."

डॉक्टरांनी मांडीवर कागद ठेवून तिथेच सही केली. तात्पुरतं कार्ड. काका म्हणाले, "यू आर व्हेरी क्लेव्हर." मला म्हणाले, "नियमानंच मिळालं बरं का. तुझ्यामुळे नाही."

कार्ड आलं. ऑकलंडमधल्या मराठी लोकांना ही बातमी कळायला किती वेळ लागला असेल? पहिल्याच रविवारी मी काकांना अवोन्डेलच्या बाजाराला नेलं. आमच्याकडे भाजी घ्यायची तर तिथेच. कोवळी मेथी, कारली, हाताएवढाले आल्याचे गड्डे. सगळं शहर तिथे लोटतं आणि गाडी लावायची तर इतक्या लांब लावावी लागते की परत येईपर्यंत कोथिंबीर मान टाकते. आणि आम्ही? सरळ गेटापाशी, पिवळ्या जागेत! समोरून पिशव्या ओढत, घामाघूम, जॅन्डल, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आमच्या मंडळाचे जोशी चालले होते. ते थांबले. त्यांनी कार्डाकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. इतक्या प्रेमाने त्यांनी काकांकडे आजवर कधी बघितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी जोशींचा काकांना फोन. "काका, तब्येत कशी आहे? पुढच्या रविवारी बाजाराला येताय का आमच्याबरोबर? जरा पाय मोकळे होतील." त्यानंतर अध्यक्षांचा, चंदेरी टोयोटावाल्यांचा. मग बाकीच्यांचा. रविवार आधी ठरवावा लागू लागला. मी शेजारी, मी पहिला, पण मलाही कधी कधी नंबर लागेना. 'या रविवारी सोनवणे आहेत, पुढच्याला बघू,' असं काका नाडीवैद्यासारखे सांगायचे. पुढची सीट त्यांची. मांडीवर कापडी पिशव्यांची घडी. केमोने थंडी वाजते म्हणून कुणी शाल आणे, कुणी थर्मास. वहिनी लोक डबे देऊ लागल्या. या कोथिंबीरभक्तांनी काकांना अक्षरशः लग्नातल्या नवऱ्यामुलासारखं मिरवलं.

काकांनीही नियम घालून दिले. मी गाडीत असेन तरच कार्ड लागेल. मी नुसता बसून राहणार नाही, उतरणार, आत येणार आणि स्वतः काहीतरी विकत घेणार. "नाही तर ती चोरी आहे." त्यामुळे पाय कितीही जड झालेले असोत, काका उतरत. पहिल्याच ठेल्यावर मुळ्याची एक जुडी घेत आणि मग आम्ही नेलेल्या घडीच्या खुर्चीवर गेटाच्या आत बसून आल्यागेल्यांची चौकशी करत. त्यांच्या घरात मुळे इतके साठले की शेवटी ड्राइव्हवेवरच्या चारही घरांनी मुळ्याचे पराठे, मुळ्याची कोशिंबीर आणि मुळ्याचं पिठलं खाल्लं. माझी मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, नो मोअर पार्किंग काका व्हेजिटेबल, प्लीज."

एकदा काका गाडीतून उतरले आणि एक बाई तरातरा चालून आली. काका कोटात, ताठ. बाई म्हणाली, "एक्स्क्यूज मी. तुम्ही तर चांगले धडधाकट दिसताय."

मी भांडायच्या तयारीत पुढे झालो. काकांनी मला हाताने मागे सारलं. चेहरा उजळलेला. "व्हेरी गुड, मॅडम! यू मस्ट आस्क! एव्हरीबडी मस्ट आस्क!" आणि कार्ड काढून तिच्या हातात दिलं, मुदत दाखवली, वर तिचे आभार मानले. बाई ओशाळून 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे', असं काहीतरी पुटपुटत गेली. परतताना मात्र काकांनी कार्ड पुन्हा उलटसुलट करून बघितलं. मोटरवे लागल्यावर म्हणाले, "दिसत नाही ना बा, कुणाचं काय दुखते ते. मी पण किती जणांना विचारलं असन." मग लगेच, "पण विचारायलाच पाहिजे."

केमो संपली. महिने गेले. स्कॅन स्वच्छ आला. प्रज्ञा फोनवर रडली, अश्विनी रडली, मी कांदा चिरत होतो म्हणून सुटलो. कार्डाची मुदत संपत आली तेव्हा मी म्हटलं, "काका, वाढवून घेऊ या. डॉक्टर तुमच्या प्रेमात आहेत, सही करतील."

"नियम काय म्हणून राह्यला?" काका म्हणाले आणि मला घेऊन पुन्हा त्या दवाखान्यात गेले. गाडी पार मागे. दारापासून वाफा, वाफ्यापासून गाडी, गाडीपासून परत दार. हळूहळू, पण न थांबता. दारात डॉक्टर उभ्या होत्या. काका धापा टाकत म्हणाले, "टू हंड्रेड, डॉक्टर. मोअर." दोघांनी हात मिळवले. डॉक्टरांना आनंद झाला, मला झाला. काकांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, दम लागलाय.

आम्ही जंगी पार्टी केली. सगळे आले. काकांना शाल दिली, केक कापला. जोशींनी भाषण केलं. त्या दिवशी एकाही माणसाने चुकीची गाडी लावली नव्हती आणि काका त्यामुळे जरा हिरमुसल्यासारखे वाटले.

त्यानंतरच्या रविवारी कुणाचा फोन आला नाही. मुद्दाम कुणी केलं असं नाही. जोशी आपले सकाळी लवकर उठून जाऊ लागले, सोनवण्यांना ऑनलाइन भाजी मागवायची युक्ती सापडली. मीही, खोटं कशाला बोलू, काका आता बरे झालेत, त्यांना कशाला ताण, असं स्वतःला सांगून एकटाच बाजाराला गेलो. काकांना बरं वाटावं म्हणून आम्ही त्यांना बोलावणं बंद केलं. असा विचार करायला डोकं लागतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गाडी मागे घेत होतो. लेटरबॉक्सपाशी काका उभे. कोट. चमकवलेले बूट. मिशी पुन्हा दाट झालेली, तिला तेल. लेटरबॉक्सचं झाकण उघडून आत बघत होते.

मी काच खाली केली. "काय करताय काका?"

"पत्रं बघून राह्यलो."

"रविवारी?"

रविवारी या देशात पत्रं येत नाहीत. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी झाकण बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. तेव्हा मला दिसलं. दुसऱ्या हातात, पाठीमागे धरलेली, कापडी पिशव्यांची घडी.

मी हात लांबवून पुढचं दार उघडलं. "बसा."

"कार्ड नाही आता," काका म्हणाले. "संपलं. लांब लावा लागन."

"लावू लांब."

"तुला चालवन का? पोट बघ तुझं."

"काका, बसा."

बसले. पट्टा लावला. पिशव्या मांडीवर ठेवल्या. मग काचेबाहेर बघत म्हणाले, "मला माहीत होतं बरं का. तुम्ही कार्डाला बोलवत होते."

समोर सिग्नल लाल होता, त्याचा मोठा आधार वाटला.

"राहू दे बे. वाईट नाही वाटलं." ते पिशवीच्या नाड्या सरळ करत होते. "कार्ड एकटं जात नाही ना बाजारात. कार्ड पाहिजे तर माणूस न्यावाच लागते. लई चांगला नियम आहे तो."

त्या म्हातारीची लिपस्टिक मला आठवली.

गाडी खूप लांब लावली. चालताना काका पुढे, मी मागे. मला धाप लागली की ते एखाद्या घराच्या ड्राइव्हवेपाशी थांबून त्याचा उतार न्याहाळत, "चूक काढला," म्हणत आणि माझा श्वास जागेवर आला की निघत. हे त्यांनी चार-पाचदा केलं. सगळ्याच रस्त्याचे उतार काही चुकलेले नसावेत.

बाजारात त्यांनी खुर्ची मागितली नाही. मेथी घेतली, कारली घेतली आणि मुळा घेतलाच. पिशव्या जड झाल्या. गेटाच्या बाहेर आल्यावर मी ओझं खाली ठेवून कपाळ पुसलं. काकांनी हात पुढे केला. "किल्ली दे. तू इथं उभा राह. मी गाडी घेऊन येतो."

"अहो, लांब आहे—"

"मोजलं मी येताना. दे."

दिली. पिवळ्या जागेच्या कडेला पिशव्या धरून मी उभा राहिलो. ते निघाले. गर्दीत कोट दिसेनासा होई, पुन्हा दिसे. थांबतील, आता थांबतील, म्हणून मी टाचा उंचावून बघत होतो. झाडापाशी थांबले नाहीत. बसस्टॉपच्या बाकापाशी थांबले नाहीत. वळणावर एकदा वळून माझ्याकडे बघितलं, हात केला, आणि गेले.

थोड्या वेळाने माझी गाडी आली. समोरची पिवळी जागा सबंध रिकामी होती. काकांनी तिच्यात एक चाकसुद्धा घातलं नाही. सावकाश पुढे गेले, आणखी पुढे गेले, पार कोपऱ्यावर नेऊन गाडी थांबवली आणि काच खाली करून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"ये ना बे पुणेकर! चालता येते ना तुला?"